डाव्या टाचेचा खिळा

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या गावानं आपला लोखंडी शिपाई करवतीनं कापला, वाटून घेतला आणि चुलीत घातला.

असं काही झालेलं नाही. नगराध्यक्षांना विचारा, पाद्रीबाबांना विचारा, ज्या बायकांच्या नखांत अजून राख आहे त्यांना विचारा. ओबरकिर्नबाखमध्ये कुणी काही जाळलेलं नाही. मी गावाबाहेरचा नाही, तेव्हा मीही तेच धरून पुढचं सांगतो.

तर, "कापायचाच असेल तर वरून सुरुवात करा," असं त्सेन्झीमावशी त्या दिवशी बायकांना म्हणाली नाही. "डाव्या टाचेला शेवटी हात लावा," असंही म्हणाली नाही. आणि रेझीनं जी करवत आणली नव्हती, ती मावशीनं आपल्या एप्रनला पुसली नाही.

लोखंडी शिपाई लाकडाचा होता. एकोणीसशे पंधरा साली, युद्ध पेटल्यावर, ऑस्ट्रियात गावोगाव असे शिपाई उभे राहिले, तसा आमच्याही चौकात राहिला. माणसाहून हातभर उंच, अंगात चिलखत, हातात तलवार आणि चेहऱ्यावर पोट बिघडल्याचे भाव. लोकांनी पैसे द्यायचे, खिळा घ्यायचा आणि त्याच्या अंगात ठोकायचा. लोखंडी खिळा एका क्रोनचा, त्याची जागा कमरेखाली. सोन्याचं पाणी दिलेला महाग, तो छातीवर. जमलेला पैसा सैनिकांच्या विधवांना आणि पोरक्या पोरांना. होता होता शिपाई खिळ्यांनी झाकून जाईल, लाकडाचा लोखंडी होईल आणि तोवर आपण युद्ध जिंकलेलं असेल, असा एकंदर बेत होता. गावातल्या कितीतरी बायकांनी विधवांसाठी खिळा ठोकला आणि पुढे त्याच विधवांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. म्हणजे पैसा वाया गेला असं कुणाला म्हणता येणार नाही.

आमची चूक लाकडात झाली. दुसऱ्या गावांनी मऊ लिंडन घेतलं. आमच्या समितीला ओक हवा होता, कारण भाषणात ओक बरा वाटतो. आलोईस सुताराकडे मोस्टच्या जुन्या घाण्याची तुळई पडून होती. मोस्ट म्हणजे आमची नाशपातीची आंबट दारू. आमच्याकडे पोरांचं नाव ठेवायच्या आधी ती पाजतात. ती तुळई दोन-तीन पिढ्या नाशपातीचा रस पिऊन पिऊन दगड झाली होती. आलोईसनं ती फुकट देऊ केली, समितीनं टाळ्या वाजवल्या आणि त्यात खिळा जाईल का हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

उद्घाटनाला नगराध्यक्ष श्टाइनिंगर साहेबांनी सोनेरी खिळा छातीवर धरला आणि हातोडी मारली. खिळा उडाला आणि बँडवाल्याच्या भोंग्यात गेला. राष्ट्रगीताचा उरलेला भाग त्या भोंग्यातून खुळखुळत बाहेर आला.

दुसऱ्या दिवसापासून शिपायाशेजारी स्टूल टाकून त्सेन्झीमावशी बसू लागली. क्रेसेन्त्सिया हाबरफेल्नर, पण एवढं लांब नाव तिला फक्त बाप्तिस्म्याच्या दिवशी मिळालं. नवरा नदीत लाकडं सोडण्याचं काम करायचा, तो त्या लाकडांखालीच गेला. मावशी लोकांची धुणी धुवायची आणि रविवारी चर्चच्या दारात मेणबत्त्या विकायची. आता तिनं खिळा द्यायचा, हातोडी द्यायची आणि "देशासाठी जोर लावा" म्हणायचं. पगार नव्हता, पत्र्याचा बिल्ला होता. शिवाय एप्रनच्या खिशात आलोईसनं दिलेलं गिरमिट. प्रतिष्ठित मंडळी यायच्या आधी ती गुपचूप भोक पाडून ठेवायची, मग त्यांचा खिळा लोण्यात गेल्यासारखा जायचा.

"त्सेन्झी, कुणी पाहिलं नाही ना?" नगराध्यक्ष हळूच विचारायचे.

"काय साहेब?"

"ते भोक."

"कसलं भोक?"

"शाब्बास."

गावाला सराव इथपासूनचा आहे.

तिचा मुलगा फेर्डल माझ्याच वर्गातला. बेकरीत कणीक मळायचा, त्यामुळे दंड हे असे, आणि त्या दंडांचा त्याला गर्व. सोळाच्या वसंतात आमची तुकडी निघाली तेव्हा टोपीत फुलं खोचून आम्ही सगळे चौकात एकेक खिळा ठोकायला उभे राहिलो. गर्दी झालेली, पायांशिवाय जागा उरली नव्हती. फेर्डलच्या वाट्याला डावी टाच आली. मावशीनं खिशातून गिरमिट काढलं.

"आई, ठेव ते."

"अरे, ओक आहे. जात नाही."

"श्टाइनिंगरसाहेबांना भोक लागतं. मला काय हात नाहीत?"

"हात आहेत रे. अक्कल कुठंय?"

लोक हसले. त्यानं बाही सारली, गुडघ्यावर बसला आणि हातोडी मारली. पहिल्या घावाला खिळा जरा आत गेला. दुसऱ्याला थोडा आणखी. तिसऱ्याला मधेच वाकला आणि म्हाताऱ्याच्या बोटासारखा तिथेच राहिला.

"घ्या! झालं युद्ध!" मी ओरडलो. तेव्हा मला दोन हात होते आणि विनोद करायला दोन्ही लागायचे.

फेर्डलचे कान लाल झाले. मावशी पकड घेऊन पुढे झाली. वाकडा खिळा ठेवायचा नाही असा समितीचा नियम होता, अपशकुन म्हणून. त्यानं तिचा हात धरला.

"राहू दे गं. परत आलो की सरळ करतो."

"तोवर साहेब माझं डोकं खातील."

"खाऊ दे. तेवढंच त्यांना हल्ली खायला मिळतंय."

मग बँड वाजला. त्याला रशियाच्या बाजूला गॅलिशियाला धाडलं, मला इटलीच्या बाजूला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात फेर्डल बेपत्ता असल्याचं कळवण्यात आलं. मेला असं नाही, सापडला असंही नाही. पाद्रीबाबा म्हणाले, मेल्याशिवाय शांतीची प्रार्थना म्हणता येत नाही. टपालवाला म्हणाला, पत्ता असल्याशिवाय पार्सल घेता येत नाही. मावशी दोघांचं ऐकून आली आणि स्टुलावर बसली. त्या दिवसापासून स्टूल शिपायाच्या समोर नसून डाव्या टाचेच्या आड असायचं. समिती पाहणीला आली की ती स्कर्ट पसरून बसायची आणि गुडघे दुखतात म्हणून उठायची नाही. खिळे विकत घ्यायला आताशा कुणी येत नव्हतं. आधी पैसे संपले, मग खिळे, मग हौस. मावशी तरी रोज यायची. शिपायाला पाऊस लागू नये म्हणून बांधलेल्या खोपटाची किल्ली तिच्याकडे होती, आणि किल्ली असली की माणसाला नोकरी आहे असं वाटतं.

मी परतलो तेव्हा डावा हात तिकडेच राहिला होता. लिहिणारा उरला, म्हणून नगरपालिकेत मला सूचना लिहायला आणि चौकात त्या वाचून दाखवायला बसवलं. मावशी भेटायला आली. माझ्या रिकाम्या बाहीकडे बघून म्हणाली, "पोल्डल, ती बाही आत दुमडून शिवून देते. वारं लागतं." एवढंच. बाकी लोक फार बोलायचे.

अठराचा जानेवारी आला. चर्चच्या घंटा तोफांसाठी आधीच गेल्या होत्या; गुड फ्रायडेला वाजवायचा लाकडी खटखटा आता वर्षभर वाजायचा, त्यामुळे आमच्याकडे रोजच देव मेल्यासारखं वाटायचं. दारांच्या मुठी गेल्या, तांब्याची पातेली गेली. कोळसा कसा दिसतो यावर पोरं भांडायची. ब्रेडमध्ये काय आहे हे बेकरीवाल्याला विचारलं तर तो म्हणायचा, "विश्वास." कुंपणं जाळून झाली, मग बाकं, मग शाळेचा फळा. जंगल जहागीरदाराचं, आणि त्यावर बंदूकवाला पहारा. चौकात मात्र वाळून खडंग झालेला ओक उभा होता. येता-जाता बायका त्याच्याकडे अशा बघायच्या की एखाद्या लाकडी पुरुषाला लाज वाटावी.

खोपटाचं कुलूप नावाला. कुणीही दगडानं तोडलं असतं. पण त्या तोडत नव्हत्या, मावशीला विचारत होत्या.

"देतेस का गं?"

"तो सरकारी माणूस आहे."

"आमचे पण सरकारीच होते," रेझी म्हणाली. रेझी मावशीची शेजारीण. नवरा आघाडीवर, घरात ठार बहिरा सासरा आणि महिन्याभराची मुलगी. "बाळोती वाळत नाहीत, मावशी. वाळायच्या जागी गोठून उभी राहतात."

"माझ्या अंथरुणातलं पांघरूण घे एक."

"पांघरूण नको. पाय दे त्याचा एक."

"पायाचं नाव काढू नकोस."

रेझी पांघरूण घेऊन गेली. मावशी त्यानंतर कोट घालून झोपायची.

मग मला एक सूचना वाचून दाखवावी लागली. सोमवारी धातू-जमा खात्याचा हवालदार येणार, शिपायाचे सगळे खिळे काढून नेणार. उरलेलं लाकूड जिल्हा कचेरीत पाठवायचं, "कार्यालयीन उपयोगासाठी."

"म्हणजे काय रे, पोल्डल?" मागून आलोईसकाकानं विचारलं.

"म्हणजे शेगडी."

"माझी तुळई? त्या कारकुनांच्या ढुंगणाखाली?"

मावशी खोपटाच्या दारात होती. तिनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली, परत या हातात घेतली. मग रेझीला म्हणाली, "करवत आहे का गं तुझ्या सासऱ्याची?"

रविवारी प्रार्थनेच्या वेळी काम झालं. म्हणजे झालं नाही. पोलिसापासून नगराध्यक्षांपर्यंत सगळे पुरुष चर्चमध्ये होते. पाद्रीबाबांनी त्या दिवशी प्रत्येक भजनाची सगळी कडवी म्हणायला लावली, ती पण उभं राहून, मोठ्यानं. करवतीचा आवाज वाढला की आतून आवाज वाढायचा. पोलीसदादा मधेच म्हणाले, "बाहेर काय खरखरतंय?" नगराध्यक्ष म्हणाले, "तुमचा घसा." मी खटखटा घेऊन चर्चच्या पायरीवर उभा होतो. कुणी परका आला तर वाजवायचा होता. एका हातानं तो नीट वाजत नाही, पण कुणी आलंच नाही.

कापण्याआधी मावशीनं सगळ्यांना सांगून ठेवलं. "लाकूड तुमचं. खिळे राखेतून वेचून ठेवा, ते त्या लोकांचे. त्यातला एक माझा. डाव्या टाचेचा, वाकडा. तो मला द्यायचा."

"देऊ की. आम्ही काय करायचाय?"

मुंडकं बेकरीवाल्याच्या बायकोनं नेलं. छातीचे दोन भाग झाले. त्यातला सोनेरी खिळ्यांचा नगराध्यक्षीणबाईंकडे गेला, कारण मानपान जाळतानाही पाळावे लागतात. पोलीसदादांच्या घरी एक मांडी गेली. डावा पाय गुडघ्यापासून मावशीचा. रेझी करवत ओढत होती, त्यामुळे तिला घ्यायला उशीर झाला आणि तिच्या हाती फक्त तलवार लागली.

दुपारी गावाला वास आला. आधी एका धुराड्यातून, मग सगळ्याच. गरम मोस्टचा वास. इतक्या वर्षांचा रस त्या लाकडातून उकळून बाहेर येत होता. चार वर्षांत कुणी लग्नात प्यालं नव्हतं, बारशाला प्यालं नव्हतं, आणि आता सगळं गाव सुगीच्या दिवसांसारखं घमघमत होतं. आलोईसकाका रस्त्याच्या मधोमध उभा राहून नाकानं पीत होता. पोलीसदादा गस्तीला निघाले.

"काका, कसला वास येतोय?"

"कसला वास?"

पोलीसदादांनी दीर्घ श्वास घेतला, आत कोंडून ठेवला आणि तसेच घरी परत गेले.

मावशीच्या धुराड्यातून तेवढा धूर नव्हता. संध्याकाळी मी तिकडे गेलो तर ती तो पाय पोटाशी धरून दारातून बाहेर पडत होती.

"कुठं निघालीस?"

"तलवार किती वेळ जळणार रे? काडीसारखी ती."

रेझीच्या चुलीत खरंच नुसती धग उरली होती. पाळण्यात मुलगी रडत नव्हती. रडणं परवडलं असतं. मावशीनं पाय चुलीपुढे ठेवला.

"घे."

"मावशी, तुझा खिळा..."

"खिळा जळतोय होय? सकाळी येते. राखेत असेल."

आम्ही पाय चुलीत सरकवला. टाच शेवटी आत गेली. मावशी थोडा वेळ बसली, बाळोती उलटीपालटी केली. मुलीनं तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं. "झालं," मावशी म्हणाली, आणि घरी गेली.

हवालदार सोमवारी दुपारी यायचा होता. तो सकाळीच आला. सरकारचं काहीही वेळेवर येत नव्हतं त्या वर्षी, हाच एक लवकर आला. नगराध्यक्षांनी घरोघर निरोप धाडला: खिळे बादल्यांत भरून चौकात आणा, धावा. रेझी कित्येक रात्रींनी पहिल्यांदा ऊब लागून मेल्यासारखी झोपली होती. निरोप घेऊन आलेल्यानं बहिऱ्या सासऱ्याला हातवारे करून सांगितलं. म्हातारा हुकूम पाळण्यात आयुष्य घालवलेला. त्यानं चुलीतला प्रत्येक खिळा वेचला, फडक्यानं पुसला आणि बादलीत नेऊन टाकला.

मावशी रेझीकडे पोचली तेव्हा राख झाडलेली होती.

ती चौकात आली. हवालदार चांगला माणूस होता. बोहेमियाकडचा, नेवोराल नावाचा, पडलेल्या खांद्यांचा, आमच्याइतकाच थकलेला.

"शिपाई कुठाय?" त्यानं विचारलं.

"आघाडीवर," नगराध्यक्ष म्हणाले.

"लाकडाचा ना हो तो?"

"स्वयंसेवक."

हवालदारानं खोपट पाहिलं, धुराडी पाहिली, नाक वर करून एकदा हुंगलं. गेल्या भरतीत त्यानं याहून लाकडी माणसं पाहिली असावीत. त्याला धातूचं काम होतं आणि धातू समोर होता. "काय लिहू?"

"बेपत्ता लिहा," मी म्हणालो. जीभ माझी जुनीच होती. बोललो आणि मावशी दिसली.

"शपथेवर सांगताय ना? कुणी जाळला असेल तर सगळ्यांना आत टाकावं लागेल. मला आवडणार नाही, पण लागेल."

"जाळला? छे!" सगळ्या बायका एका आवाजात.

त्यानं लिहिलं. मग बादल्या गाडीत ओतायला लागला आणि शेवटच्या बादलीपाशी थांबला. वर एक वाकडा खिळा होता.

"हा कोणत्या पैलवानानं ठोकला?"

मावशी पुढे झाली. तोंड उघडलेलं. मागे रेझी मुलीला छातीशी धरून उभी, तिच्या मागे बाकीच्या. खिळा माझा म्हणायचं, तर तो लाकडातून निघाला कसा, कुणाच्या चुलीत, तेही म्हणायला लागणार.

"काय मावशी? तुमचा काही?"

"नाही," मावशी म्हणाली. "माझा कुठला."

"आमचे वडील चांभार," हवालदार म्हणाला. "वाकडा खिळा दिसला की ते जेवायचे नाहीत. मलाही राहवत नाही." त्यानं खिळा चर्चच्या पायरीवर ठेवला, गाडीतून हातोडी घेतली आणि हलक्या हातानं ठोकू लागला, अंगठ्यानं फिरवत, पुन्हा ठोकत, जिवापाड मन लावून. बऱ्याच दिवसांत त्याला असं नीट करण्यासारखं काही मिळालं नसावं. मग डोळ्यासमोर धरून पाहिला. "झाला की नाही सुतासारखा?"

आणि गाडीत टाकला. तो इतर खिळ्यांवर पडला, त्यांच्यातून थोडा घसरला, आणि मग कोणता तो सांगता येईना.

"हात चांगला आहे तुमचा, हवालदार," मावशी म्हणाली.

तो लाजला. गाडी गेली. मावशी खोपटाकडे गेली, स्टूल आत ठेवलं, रिकाम्या खोपटाला कुलूप लावलं आणि एकदा ओढून पाहिलं.

नोव्हेंबरात सम्राट गेले, सरकार गेलं, आणि ज्या कचेरीत आमचं लाकूड जळणार होतं तिच्यावर दुसरंच निशाण लागलं. रेझीची मुलगी धरून उभी राहायला शिकली होती. मावशी माझ्याकडे आली, डोक्याला रुमाल बांधून, चर्चला जावं तशी.

"अर्ज लिही माझा एक."

"कुणाला लिहू? सगळे पळाले."

"म्हणूनच म्हणतेय. आता कुणी वाचणार नाही, मग कुणाला त्रास नाही. तू लिही. नीट सरकारी लिही, चेष्टा नको."

मी चेष्टा केली नाही. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो:

प्रति, माजी सम्राटांचे माजी युद्ध मंत्रालय, धातू-जमा खाते, व्हिएन्ना, यांसी. विनंती अर्ज करण्यात येतो की, ओबरकिर्नबाख येथून आपल्या खात्याने नेलेल्या खिळ्यांपैकी एक नग लोखंडी खिळा, पूर्वी वाकडा, सध्या सरळ, शोधून अर्जदार बाईस परत देण्यात यावा. तो वितळवून त्याचा तोफगोळा झाला असल्यास तसे झालेले नाही असे समजण्यात यावे. परत देताना सदर खिळा तिसऱ्या घावाला जितका वाकला होता तितकाच पुन्हा वाकवून द्यावा. तो सरळ करण्याच्या कामी माणूस आधीच नेमलेला असून, तो येईपर्यंत इतर कोणीही त्यास हातोडी लावू नये, ही विनंती.